आभासी जगातील कपड्यांचे माप बिघडते तेव्हा...

अमरावती/अकोला : कापूस आणि कापड यांच्याशी वऱ्हाडाचे नाते जुने आहे. अमरावतीजवळच्या नांदगाव पेठ परिसरातील ठोक कापडबाजार असोत की अकोल्याची कापूस बाजारपेठ, येथील माणसाला कापडाची पारख वेगळी शिकवावी लागत नाही. तयार कपडा घ्यावा आणि तो अंगात सैल वा घट्ट झाला, तर गल्लीतल्या शिंप्याकडे नेऊन अल्टर करून घ्यावा, हा येथील घरोघरचा शिरस्ता. शिंपीही मुरलेला असेल तर कात्री उचलण्यापूर्वी वहीत मूळ माप लिहून ठेवतो. संगणकाच्या पडद्यावरील आभासी जगातही कपडे विकले जातात, ते अंगाला बसत नाहीत आणि तेथेही ते अल्टर करावे लागतात. फरक इतकाच, की तेथील शिंपी म्हणजे काही ओळींची एक आज्ञावली, अर्थात स्क्रिप्ट असते. ही आज्ञावली बिघडली की पैसे देऊन घेतलेला पोशाख कायमचा वाया जाऊ शकतो. त्या बिघाडाची कारणे आणि ती शोधण्याचा क्रम यांचा हा आढावा.

आभासी जग आणि त्यातील 'अवतार'

अशा जगांपैकी सर्वांत परिचित नाव 'सेकंड लाइफ' हे होय. अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथील लिंडेन लॅब या कंपनीने ते २३ जून २००३ रोजी सर्वांसाठी खुले केले. फिलिप रोझडेल हे कंपनीचे संस्थापक. रूढ अर्थाने हा खेळ नव्हे; येथे जिंकणे-हरणे नाही. जमीन, घरे, वाहने, केस, जोडे, दागिने हे बहुतांश सारे वापरकर्तेच तयार करतात आणि 'लिंडेन डॉलर' या तेथील चलनात एकमेकांना विकतात. हे चलन खऱ्या पैशांनी विकत घेता येते. त्यामुळे पडद्यावरच्या पोशाखाचे नुकसान हे खिशाचेही नुकसान ठरते.

या जगात वावरणाऱ्या आपल्या प्रतिमेला 'अवतार' म्हणतात. संस्कृतातून गेलेला हा शब्द १९८०च्या दशकात संगणकीय खेळांत शिरला आणि नील स्टीफन्सन यांच्या १९९२ च्या 'स्नो क्रॅश' या कादंबरीने तो जगभर रुळवला. योगायोग असा, की सेकंड लाइफच्या मुख्य संगणकजाळ्याचे नाव 'अग्नी' आणि चाचणीसाठीच्या जाळ्याचे नाव 'अदिती' आहे.

कपडा कोणत्या जातीचा?

शिंपी आधी कापड चाचपतो. येथेही पहिला प्रश्न तोच. अवताराच्या अंगावरील कपडे ढोबळमानाने तीन प्रकारचे असतात. पहिला प्रकार त्वचेवर रंगवल्यासारखा असतो. तो शरीरालाच चिकटलेला असल्याने त्याला माप बदलणारी आज्ञावली लागत नाही. दुसरा प्रकार 'प्रिम' नावाच्या मूळ आकारांपासून, म्हणजे ठोकळे, गोल, नळ्या जोडून तयार केलेला असतो. केस, जोडे, कमरपट्टे, घेरदार झगे हे पूर्वी असेच बनत आणि शरीराच्या एखाद्या बिंदूला अडकवले जात. माप बदलणारी आज्ञावली मुळात याच प्रकारासाठी जन्माला आली. तिसरा प्रकार 'मेश' म्हणजे जाळीदार आकाराचा. तो २०११ मध्ये आला.

मेशच्या कपड्यांतही जे अवताराच्या सांगाड्याला बांधलेले असतात, त्यांना 'रिग्ड मेश' म्हणतात. हा कपडा हाडांबरोबर वाकतो आणि त्याचा दिसणारा आकार सांगाड्यावरून ठरतो. म्हणून त्यावर माप बदलणारी आज्ञावली चालवली तर ती तक्रार न करता चालते, पण कपडा पूर्वी होता तसाच दिसतो. अनेकांचा सारा वेळ येथेच वाया जातो. दोष आज्ञावलीत नसतो. औषधच वेगळ्या रोगाचे असते. अशा कपड्यासाठी विक्रेत्याने दिलेल्या निरनिराळ्या मापांतून योग्य ते निवडणे किंवा अवताराची अंगकाठीच बदलणे हाच उपाय. २०१४ मध्ये आलेल्या 'फिटेड मेश' पद्धतीमुळे छाती, पोट, कंबर यांच्या बदलाबरोबर कपडाही काही अंशी बदलू लागला. पण ते काम सांगाड्याचे आहे, आज्ञावलीचे नव्हे.

हक्क कोणाचा?

दुसरा प्रश्न परवानगीचा. सेकंड लाइफमधील प्रत्येक वस्तूसोबत तीन हक्क दिले वा नाकारले जातात : बदल करण्याचा, प्रत काढण्याचा आणि दुसऱ्यास देण्याचा. बदल करण्याचा हक्क असेल तर ग्राहक स्वतःच कोपरे ओढून कपडा लहान-मोठा करू शकतो. तो हक्क नाकारलेला असेल तर ग्राहकाला कपड्याला हात लावता येत नाही, त्यात स्वतःची आज्ञावलीही घालता येत नाही. अशा वेळी निर्मात्याने आधीच आत ठेवलेली आज्ञावली हाच एक मार्ग उरतो. कपडा ग्राहकाचा, कात्री मात्र विक्रेत्याची, असा हा व्यवहार आहे.

प्रत काढण्याचा हक्क असेल तर कोणताही प्रयोग करण्यापूर्वी एक प्रत बाजूला काढून ठेवावी. तो नसेल तर प्रत्येक बटण जपून दाबावे, कारण परतीचा रस्ता नसतो.

बटण दाबले, पण काहीच होत नाही

कपड्याला स्पर्श करूनही चौकट उघडत नसेल तर आज्ञावली उघडून पाहण्याआधी पायाखालची जमीन पाहावी. अनेक जमीनमालक आपल्या जागेत आज्ञावल्या चालवण्यास बंदी घालतात. अशा ठिकाणी अंगावरच्या वस्तूंतील आज्ञावल्याही सहसा थांबतात आणि पडद्याच्या वरच्या पट्टीवर तसे चिन्ह दिसते. बंदी नसलेल्या दुसऱ्या जागी जाऊन पाहिले की निम्मा उलगडा होतो.

चौकट उघडते, पण बटण दाबल्यावर प्रतिसाद येत नाही, असे असल्यास 'कान' तपासावा. लिंडेन स्क्रिप्टिंग लँग्वेज, म्हणजेच एलएसएल या तेथील भाषेत अंगभूत आज्ञांच्या नावाआधी 'एलएल' ही दोन अक्षरे असतात. चौकट दाखवण्याचे काम 'एलएल-डायलॉग' करते आणि दाबलेल्या बटणाचा शब्द ऐकण्याचे काम 'एलएल-लिसन' करते. दोघांना दिलेला वाहिनीचा, म्हणजे चॅनेलचा क्रमांक एकच हवा. तो वेगळा पडला तर एक जण बोलतो आणि दुसरा भलतीकडे कान लावून बसतो.

याच जागी आणखी तीन दोष नेहमी सापडतात. निर्मात्याने आज्ञावली लिहिताना 'फक्त मालकाचे ऐक' असे सांगितलेले असते. पण वस्तू विकली गेल्यावर आज्ञावली नव्याने सुरू झाली नाही, तर ती जुन्या मालकाचेच ऐकत राहते. नवा मालक बटणे दाबून थकतो. मालक बदलल्याची सूचना देणारी घटना या भाषेत आहे. ती आली की आज्ञावली पुन्हा सुरू करावी, एवढाच यावर उपाय.

दुसरा दोष याच्या उलट. कोणाचेही ऐकणारा कान ठेवला आणि एकाच निर्मात्याच्या सर्व वस्तूंना एकच वाहिनी दिली, तर केस लहान करायला जावे आणि जोडेही लहान व्हावेत, किंवा शेजारी उभ्या असलेल्याच्या हुकमाने आपला झगा आक्रसावा, असे प्रकार घडतात. प्रत्येक वस्तूला वेगळी ऋण वाहिनी द्यावी आणि ऐकताना मालकाची ओळख पडताळावी.

तिसरा दोष साठत जाणारा. दर स्पर्शाला नवा कान उघडला आणि जुना बंद केला नाही, तर एका आज्ञावलीची ६५ कानांची मर्यादा संपते आणि ती चूक दाखवून थांबते. सकाळी चालणारी आणि संध्याकाळी बंद पडणारी आज्ञावली असेल तर संशयाची सुई प्रथम येथे वळवावी.

देवनागरीचा अडथळा

बटणांवर मराठी शब्द लिहू पाहणाऱ्यास एक अडचण हमखास येते. बटणावरील मजकुराला २४ बाइटची मर्यादा आहे. रोमन लिपीतील एक अक्षर एक बाइट घेते. देवनागरीतील प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रा, काना, अनुस्वार हे प्रत्येकी तीन बाइट घेतात. म्हणजे मराठीसाठी मर्यादा जेमतेम आठ चिन्हांची. 'मूळ माप' हे शब्द १९ बाइटमध्ये बसतात, 'लहान करा' २२ मध्ये. पण 'मूळ मापावर आणा' ३८ बाइटचे होते आणि आज्ञावली चूक दाखवते. इंग्रजीत बिनचूक चालणारी आज्ञावली मराठी करताच बंद पडली, तर दोष तर्कात नसून लांबीत आहे, असे समजावे. आणखी एक काळजी अशी, की बटणावरील शब्द आणि आज्ञावलीत तुलनेसाठी लिहिलेला शब्द यांत एका मोकळ्या जागेचाही फरक चालत नाही.

माप बदलते, पण भलतेच

आता गणिताकडे. 'पाच टक्के वाढवा' असे बटण दाबूनही कपडा तसूभर हलत नसेल, तर भागाकार पाहावा. या भाषेत ५ भागिले १०० असे पूर्णांकांत लिहिले तर उत्तर शून्य येते. मग १ अधिक शून्य म्हणजे एकच. कपडा एक पट होतो, म्हणजे होता तेवढाच राहतो. हीच संख्या ५.० आणि १००.० अशी दशांश चिन्हासह लिहिली की उत्तर ०.०५ येते आणि कपडा हलतो.

कपडा लहान होतो पण त्याचे भाग एकमेकांपासून सुटतात, अशी तक्रार असेल तर आज्ञावली केवळ आकार बदलत आहे आणि अंतर बदलायला विसरली आहे. वीस ठोकळ्यांचा कमरपट्टा दहा टक्क्यांनी लहान करायचा तर प्रत्येक ठोकळा जसा दहा टक्क्यांनी लहान व्हावा, तसेच मुख्य ठोकळ्यापासूनचे त्याचे अंतरही दहा टक्क्यांनी घटावे. याउलट, मुख्य ठोकळ्याचे स्थान मात्र या हिशेबात धरू नये. ते शरीरावरील बिंदूपासून मोजलेले असते. त्यालाही तोच गुणाकार लावला तर कमरपट्टा दर वेळी थोडा सरकतो आणि अखेर गुडघ्याशी पोहोचतो.

भागांच्या क्रमांकाचाही घोळ होतो. अनेक भाग जोडलेल्या वस्तूत मुख्य भागाचा क्रमांक १ असतो आणि बाकीचे २ पासून पुढे. एकाच भागाच्या वस्तूत मात्र त्याचा क्रमांक ० असतो. कमरपट्ट्यावर उत्तम चालणारी आज्ञावली एका साध्या अंगठीवर बंद पडते, त्याचे कारण बहुधा हेच.

कपडा एकाएकी नाहीसा झाला तर घाबरू नये. तो बहुधा ठिपक्याएवढा झालेला असतो. यादीतून माप वाचताना एक घर चुकले आणि मापाऐवजी दुसरेच काही हाती आले, तर ही भाषा तक्रार करीत नाही; निमूटपणे शून्य माप देते. शून्याएवढी वस्तू बनत नसल्याने ती किमान आकारावर, म्हणजे एक सेंटिमीटरवर येऊन थांबते.

मूळ माप हरवते तेव्हा

सर्वांत महाग पडणारा दोष मात्र याहून साधा आहे आणि तो नजरेत येत नाही. समजा, अकोल्यातील एका विद्यार्थ्याने अवताराचे केस पाच टक्के वाढवून पाहिले. नको वाटले म्हणून पाच टक्के कमी केले. केस पूर्ववत व्हावेत अशी अपेक्षा असते. पण १.०५ गुणिले ०.९५ म्हणजे १ नव्हे, ०.९९७५. डोळ्यांना हा फरक कळत नाही. अशी वाढ-घट दहा वेळा केली की केस मूळ मापापेक्षा सुमारे अडीच टक्क्यांनी लहान झालेले असतात. त्यातच एखादा नाजूक भाग एक सेंटिमीटरच्या किमान मर्यादेला टेकला, तर तो तेथेच थांबतो आणि बाकीचे लहान होत राहतात. नंतर सारे वाढवले तरी प्रमाण जुळत नाही. केसांतील क्लिप जाड आणि केस बारीक अशी विद्रूपता कायमची राहते.

याचे कारण एकच : आज्ञावली दर वेळी सध्याच्या मापावरून पुढचे माप काढते. मुरलेला शिंपी असे करीत नाही. तो वहीतल्या मापावरून हिशेब करतो. आज्ञावलीनेही सुरुवातीलाच प्रत्येक भागाचे मूळ माप आणि मूळ अंतर टिपून ठेवावे, 'आता एकूण किती पट' एवढाच एक आकडा बदलावा आणि दर वेळी मूळ मापाला त्या आकड्याने गुणावे. मग शंभर वेळा वाढ-घट करूनही 'मूळ माप' या बटणावर कपडा जसाच्या तसा परत येतो.

ही वहीही हरवू शकते. आज्ञावली पुन्हा सुरू केली की तिची स्मृती पुसली जाते, आणि मग ती त्या क्षणीचे बिघडलेले मापच 'मूळ' म्हणून लिहून घेते. म्हणून माप बदललेले असताना आज्ञावली पुन्हा सुरू करू नये. अलीकडे 'लिंकसेट डेटा' नावाची सोय उपलब्ध झाली आहे. तिच्यात ठेवलेली नोंद आज्ञावली पुन्हा सुरू झाली तरी टिकते. नवी आज्ञावली लिहिणाऱ्याने वही तेथेच ठेवावी. साऱ्या भागांना एकाच वेळी समान पटीने बदलणारी 'एलएल-स्केल-बाय-फॅक्टर' ही तयार आज्ञाही आहे. किती लहान आणि किती मोठे करता येईल, याची मर्यादा बदल करण्यापूर्वीच विचारता येते, त्यामुळे एखादाच भाग मागे राहण्याचा धोका टळतो.

चालते, पण रांगत

जुन्या पोशाखांत माप बदलायला दहा-पंधरा सेकंद लागतात. भागांचे गुणधर्म बदलणारी जुनी आज्ञा दर वापरानंतर ०.२ सेकंद थांबते. साठ भाग म्हणजे बारा सेकंद. हे टाळण्यासाठी काही निर्माते प्रत्येक भागात एकेक आज्ञावली ठेवत. परिणामी एका अंबाड्यात शंभर आज्ञावल्या, आणि अशा शंभर जणांची सभा भरली की त्या प्रदेशाचा संगणक धापा टाकू लागे. २०१० च्या सुमारास न थांबणारी वेगवान आज्ञा आल्यानंतर एकाच आज्ञावलीने सारे भाग हाताळणे शक्य झाले. जुना पोशाख संथ असेल तर दोष आपल्या संगणकाचा किंवा महाजालाच्या जोडणीचा नसून त्या जुन्या रचनेचा असू शकतो.

स्मृतीची मर्यादाही ध्यानात ठेवावी. पूर्वी एका आज्ञावलीला १६ किलोबाइट स्मृती मिळे; २००८ मध्ये 'मोनो' ही नवी यंत्रणा आल्यावर ती ६४ किलोबाइट झाली. फार भागांची मापे साठवताना ती संपली तर 'स्टॅक-हीप कोलिजन' अशी सूचना येते. वही भरली, एवढाच तिचा अर्थ.

तपासाची शिस्त

दोष शोधण्याचा क्रम असा असावा : कपड्याची जात, मग हक्क, मग जागा, मग कान, आणि शेवटी गणित. बाहेरून आत येणारा हा क्रम पाळला तर पुष्कळदा आज्ञावली उघडण्याची वेळच येत नाही. उघडावी लागलीच, तर एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि लगेच तपासावी. 'एलएल-ओनर-से' ही आज्ञा केवळ मालकाला दिसणारा मजकूर छापते. प्रत्येक पायरीवर तिच्याकरवी 'बटण ऐकले', 'पट इतकी', 'भाग क्रमांक अमुक' असे वदवून घ्यावे. जेथे आवाज बंद होतो, त्याच्या अलीकडे-पलीकडेच चूक असते.

सरावासाठी पैसे खर्च करण्याची गरज नाही. 'ओपन सिम्युलेटर' ही मुक्त प्रणाली स्वतःच्या संगणकावर विनामूल्य चालवता येते आणि एलएसएलचा बराचसा भाग तिच्यात चालतो. अमरावती, अकोल्याच्या महाविद्यालयांतून संगणकशास्त्र शिकणाऱ्यांना पूर्णांक-दशांशातील भेद, बाइटची मोजणी, स्मृतीची मर्यादा हे सारे पाठ्यपुस्तकात भेटतेच. येथे मात्र चूक झाली की ती अंगावरच्या कपड्यात दिसते, म्हणून लक्षात राहते.

शेवटचे बटण

अनेक पोशाखांच्या चौकटीत अखेरीस 'आज्ञावली काढून टाका' असे एक बटण असते. माप मनासारखे बसल्यावर ते दाबणे सार्वजनिक हिताचे असते, कारण त्या प्रदेशाच्या संगणकावरचा भार हलका होतो. परंतु बदलाचा हक्क नसलेल्या आणि प्रत काढता न येणाऱ्या कपड्यातून आज्ञावली एकदा गेली की ती परत घालता येत नाही. उद्या अवताराची अंगकाठी बदलली तर तो पोशाख पेटीत पडून राहतो. म्हणून प्रत काढता येत असेल तर आज्ञावलीसह एक प्रत जपून ठेवावी आणि दुसऱ्या प्रतीतूनच आज्ञावली काढावी. प्रत काढता येत नसेल तर ते बटण दाबूच नये.

कपडा खरा असो की आभासी, कात्री लावण्यापूर्वी मूळ माप लिहून ठेवणे हीच मुरलेल्या शिंप्याची खूण. आज्ञावलीच्या बहुतेक चुका दुरुस्त होतात. हरवलेले माप मात्र कोणत्याही आज्ञावलीला परत आणता येत नाही.